सत्यशीलाबाईंचा पिंपळ

सत्यशीलाबाई गेल्या तेव्हा त्यांचे पती चंपत गणवीर यांनी त्यांची राख शिवनाथ नदीत सोडली नाही. दुर्ग-भिलाईची बहुतेक माणसं शेवटी शिवनाथेवरच जातात, आमच्या घरचेही तिथेच गेले. चंपतरावांनी मात्र बंधवा तलावाच्या काठावर खड्डा खणला, राख मातीत मिसळली आणि वर पिंपळाचं रोप लावलं. बाईंनी दवाखान्यात तसं सांगूनच ठेवलं होतं. "मले नदीत नोका सोडजा. झाडाले घालजा, झाडाच्या तरी कामी येईन."

चंपतराव भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते आणि मी अकाउंट्समध्ये. नोकरीत असताना आमची फारशी ओळख नव्हती. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि सेक्टर 10 च्या पलीकडे तलावाजवळ लहानसं घर बांधून राहिले. मी सकाळी तलावाला फेरी मारायचो आणि ते झाडाला पाणी घालायला यायचे. रोजच्या दोन शब्दांतून सोबत जमली. ते मला माणिकभाऊ म्हणतात.

सत्यशीलाबाईंची एक गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली आहे. चंपतरावांचे वडील प्लांट उभा राहत असताना भंडाऱ्याकडून इथे मजुरीला आले. पुढे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण घरातले जुने देव टाकायला त्यांचा हात धजला नाही. ते फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यामागे पडून होते. नवी सून सत्यशीला आली, तिने डबा घासायला काढला आणि गाठोडं सापडलं. त्याच संध्याकाळी ती नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून बंधव्यावर गेली आणि गाठोडं पाण्यात सोडून आली. सासरे ओसरीत बसले होते. त्यांना म्हणाली, "लय जड होतं मामाजी, तुमच्यानं नसतं उचललं." म्हातारा आधी रागावला आणि मग हसला. त्या घरात पुन्हा देव आला नाही. बाईंच्या त्या हिमतीचा चंपतरावांना फार अभिमान होता.

पिंपळ चांगला वाढला. शेळ्या तोंड लावू नयेत म्हणून त्यांनी काट्यांचं कुंपण केलं. उन्हाळ्यात तलाव आटला की घरून कॅनमध्ये पाणी आणायचे. हळूहळू झाड त्यांच्या डोक्यावर गेलं, मग त्याची सावली पचरीच्या, म्हणजे तलावाच्या घाटाच्या, वरच्या पायऱ्यांवर पडू लागली. कपडे धुणाऱ्या बाया तिथे टेकायच्या. झाडाखाली काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि चंपतरावांनी कधी सांगितलंही नाही. झाडाला त्यांनी कधी हात जोडले नाहीत. पाणी घालायचे आणि थोडा वेळ बसायचे.

मग एके दिवशी तलावावर मोठा फ्लेक्स लागला. बंधवा तलावाचं सौंदर्यीकरण होणार होतं. चित्रात निळंशार पाणी, मधोमध कारंजं, भोवती रेलिंग, फरशीचा पाथवे, ओपन जिम आणि आपल्याकडे कधी न दिसणारी गोरीपान मुलं होती. पिंपळाच्या जागी एक मोठं लाल हृदय काढलेलं होतं. तो सेल्फी पॉइंट. चंपतरावांनी त्या हृदयाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "माणिकभाऊ, जिथं सत्यशीला हाये, तिथं लोकं आपलेच फोटो काढतीन."

आठवड्याभरात पोकलेन आलं. तलावाचं पाणी सोडून दिलं, गाळ काढून काठावर ढीग घातले. जी झाडं पाथवेत येत होती त्यांच्यावर चुन्याची फुली पडली. पिंपळावरही पडली.

चंपतरावांनी महापालिकेत अर्ज दिला. कचेरीत ते जात राहिले, कधी कधी मीही सोबत गेलो. तिथे कुणी उद्धट बोललं नाही, उलट खुर्ची द्यायचे. नकाशा मंजूर झाला आहे, आता बदल होणार नाही, एवढंच सांगायचे. पाथवे दोन हात वळवता येईल का, असं मी विचारलं. तेही मंजूर नकाशात नव्हतं. शेवटी एका बाबूने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की झाडाखाली एखादं देवस्थान असतं तर गोष्ट वेगळी असती. देवस्थानाला आम्ही हात लावत नाही, राखेची नोंद मात्र कुठेच होत नाही.

बाहेर आल्यावर चंपतराव एकच वाक्य बोलले. "म्हणजे माणसापेक्षा गोटा बरा."

बुद्ध विहाराचे अध्यक्ष आनंदराव यांच्याकडेही विषय निघाला. काहींनी बुद्धमूर्ती बसवायची सूचना केली. आनंदराव सावध माणूस. सरकारी जागेवर आपण मूर्ती बसवली तर दुसऱ्या दिवशी नोटीस येईल आणि तिसऱ्या दिवशी वस्तीत भांडण लागेल, असं त्यांनी सांगितलं. चंपतरावांनाही मूर्ती नको होती. बाईंनी झाड मागितलं होतं, तेवढं झाड राहिलं की पुरे, असं त्यांचं म्हणणं. झालं, विषय तिथेच संपला.

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही दोघं काठावर पोचलो आणि थांबलो. पिंपळाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक गोल गोटा होता. खोडाला लाल धागा गुंडाळला होता, फांदीला चमचमती चुनरी बांधली होती. चुन्याची फुली चुनरीखाली झाकली गेली होती. गोट्यासमोर उदबत्ती जळत होती आणि कुणीतरी नारळही ठेवून गेलं होतं. हे वस्तीतल्या बायांचं काम असावं असं आम्हाला वाटलं. चंपतरावांनी गोट्याला हात लावला नाही. कॅन तसाच भरलेला घेऊन ते घरी परतले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांचा मुलगा रोशन कुम्हारीच्या एका कारखान्यात आहे, तो नुकताच मोटारसायकलवरून आला होता. सुनेने, रीनाने, चहा दिला आणि ती दारातच उभी राहिली. मग रोशननेच सांगितलं. गोटा त्याने ठेवला होता. चुनरी आणि शेंदूर पावर हाउस भागातल्या बाजारातून आणला होता, आणि गोटा तलावातून काढलेल्या गाळाच्या ढिगातून उचलला होता.

"तुह्या हातानं?" चंपतरावांनी विचारलं.

"बाबा, तुमी इतकं ऑफिसले गेले, काय भेटलं? चुन्याची फुली भेटली. म्या एक गोटा ठेवला तं सुपरवायजर जुते उतारून उभा राहिला. आईचं झाड बचलं ना? काम झालं का काढून टाकतो."

चंपतराव आवाज न चढवता म्हणाले, "तुह्या मायनं जे पाण्यात टाकलं, ते तू काढून तिच्याच डोक्यावर ठेवलं."

रोशन वाईट मुलगा नाही. आईच्या शेवटच्या आजारात रजा संपल्यावर बिनपगारी राहिला होता. झाड वाचवायचं एवढंच त्याला दिसलं, आणि ज्या गावात तो वाढला तिथे झाड कसं वाचतं हे त्याने पाहिलेलं होतं.

पाथवे खरंच वळला. जो नकाशा दोन हात हलत नव्हता, तो एका गोट्यासाठी चांगला दहा हात हलला. लाल हृदय दुसऱ्या काठावर गेलं. कंत्राटदाराने झाडाभोवती चबुतरा बांधून दिला, कुठल्या तरी व्यापाऱ्याने घंटा दिली. रोशन एकदा गोटा काढायला गेला. तिथे बाया भजन म्हणत बसल्या होत्या, तो तसाच परत आला.

मग चंपतरावांनी जे केलं ते मला आजही नीट सहन होत नाही. ते सुपरवायजरकडे गेले आणि म्हणाले की पहिल्या नकाशाप्रमाणे झाड कापा. माझंच झाड आहे, मीच लावलं, मीच सांगतो. हवं तर पुन्हा अर्ज देतो. सुपरवायजर आधी हसला, मग त्यांचा चेहरा पाहून गंभीर झाला. त्याने दोन्ही हात जोडले, म्हाताऱ्यासाठी की झाडासाठी ते कळलं नाही.

"बाबूजी, अब इसको कौन हाथ लगाएगा?"

उद्घाटन थाटात झालं. कारंजं त्या दिवशी उडालं, त्यानंतर मी ते चालू पाहिलेलं नाही. पिंपळाच्या चबुतऱ्यावर आता पांढऱ्या टाइल्स आहेत, अगदी खोडापर्यंत. देणगीदारांच्या नावांची पाटी आहे. माझी पत्नी स्वानंदी शनिवारी तिथे दिवा लावते. खाली कोण आहे हे तिला ठाऊक आहे. मी सत्यशीलाबाईंनाच दिवा लावते, असं ती म्हणते. बाईंनी तो विझवला असता, हे मी तिला सांगत नाही.

चंपतराव कित्येक दिवस तलावाकडे आले नाहीत. मग उन्हं तापली, पिंपळाची पानं कडांनी करपायला लागली, तसे एका सकाळी आले. हातात तोच कॅन होता. आम्ही नव्या पाथवेवरून चालत चबुतऱ्यापर्यंत गेलो. तिथे नवा चौकीदार बसला होता. त्याने अदबीने सांगितलं, "दादा, चप्पल उतार के."

चंपतरावांनी पायांकडे पाहिलं. मग टाइल्सकडे पाहिलं. पाणी मुरायला खोडाजवळ बोटभरही माती उघडी नव्हती. चौकीदार वाट पाहत होता. मागून येणाऱ्या एका बाईने आपल्या चपला रांगेत लावल्या, ती वर गेली आणि तिने घंटा वाजवली.

चंपतरावांनी चप्पल काढली नाही. त्यांनी जिथे उभे होते तिथेच कॅन उलटा केला. पाणी पाथवेच्या फरशीवरून उतरत गेलं आणि रेलिंगखालच्या जाळीत पडलं. कॅनचं झाकण त्यांनी नीट फिरवून लावलं.

"चला माणिकभाऊ," ते म्हणाले, आणि आम्ही राहिलेली फेरी पुरी केली.