भूशिरापलीकडे गेलेली पँट

चौतीस वर्षं मी सातवीच्या पोरांना घेऊन समुद्र ओलांडले. सामान काय, तर खडू, फळा आणि भिंतीवरचा एक नकाशा. माझ्या तासाला पहिल्या बाकावरच्या पोरांचे सदरे खाऱ्या पाण्यानं भिजायचे असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. युरोपातले ते जुने दर्यावर्दी मी असे शिकवायचो, की त्यांच्या गलबतावर शिधा वाटायला मीच होतो असं कुणालाही वाटावं.

आणि खरं सांगतो, उभ्या आयुष्यात मी होडीत पाय ठेवला नव्हता. कराडला कृष्णेला पूर आला की सगळं गाव पुलाच्या कठड्याला टेकून पाणी बघायचं. मी पुलाच्या बरोब्बर मध्यावर, रस्त्यात उभा राहून ट्रॅफिक अडवायचो.

निवृत्त झालो आणि आम्ही दोघं सिंगापूरला लेकीकडे आलो. पुंगोलला चौदाव्या मजल्यावर तिचा फ्लॅट. लेक-जावई दोघं नोकरीला, म्हणून नऊ वर्षांची नात आमच्या ताब्यात. तिला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं आणि शेपटाला ‘लाह’ लागायचं. गोष्टीशिवाय तिच्या घशाखाली आमटीभात उतरायचा नाही. मग काय, माझं दुकान पुन्हा उघडलं.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट पोर्तुगालच्या एका कप्तानाची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक भूशीर होतं. तिथं नकाशा संपायचा आणि भीती सुरू व्हायची. पलीकडे समुद्र उकळतो, प्रवाह गलबताला ओढून नेतो, गेलेला परत येत नाही, असं प्रत्येक बंदरात शपथेवर सांगत. पोर्तुगालचा राजपुत्र वर्षानुवर्षं जहाजं पाठवायचा आणि ती माघारी यायची. हा पठ्ठ्या मात्र वळसा घालून पलीकडे गेला. तिथं होतं काय? शांत पाणी आणि ओसाड किनारा. पुरावा म्हणून त्यानं तिथली फुलझाडं राजपुत्राला आणून दिली. बस्स, मूठभर फुलझाडं! पण त्या मुठीनं जगाचा नकाशा पुढे सरकला. (पुढे त्याच वाटेनं माणसं पकडून विकायला आणली गेली, हेही मी शिकवायचो. तिथं मात्र मी स्वतःला जहाजावर ठेवत नसे.)

एके दिवशी नात शाळेतून आली ती घोषणा करतच. दोन आठवड्यांनी सोमवारी वर्गात ‘शो अँड टेल’. एका शूर माणसाबद्दल बोलायचं आणि त्याची एक वस्तू दाखवायची.

“आय चूज यू, आजोबा! बट नीड प्रूफ. वी गो पुलाउ उबीन. बाय बोट!” उबीन म्हणजे सिंगापूरच्याच पाण्यातलं एक छोटं बेट.

आमची ही वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण वाटाणे सोलायचा वेग कमी झाला.

पहिल्या शनिवारी मी जय्यत तयारी केली. शाळेतलं होकायंत्र, हनुवटीखाली बांधायची टोपी आणि सहा लिंबं. लांबच्या सफरीत लिंबाशिवाय खलाशांच्या हिरड्या सडत.

“अहो, दहा मिनिटांचं पाणी आहे,” ही म्हणाली. “हिरड्यांना सडायला वेळच मिळायचा नाही.”

चांगीच्या धक्क्यावर लाकडी मोटारबोटी उभ्या होत्या. रीत अशी, की बारा माणसं भरली की बोट सुटते. नावाडी म्हातारा चिनी, चेहरा सुक्या खारकेसारखा. आत नऊ जण सायकली घेऊन बसलेले. नातीनं टुणकन उडी मारली, दहा. ही पदर खोचून उतरली, अकरा. नावाड्यानं माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. “वन मोर!”

मी उजवा पाय टाकला आणि बोट खाली गेली. किती? दोन पुरुष तरी. मी पाय काढून घेतला.

“वाऱ्याची दिशा बरोबर नाही,” मी जाहीर केलं. “आणि ओहोटीचा जोर आहे. जाणकार माणूस अशा वेळी निघत नाही.”

“आजोबा, कम लाह! एव्हरीबडी वेटिंग!”

“नेक्स्ट वीक,” मी नावाड्याला म्हणालो.

मग त्या दोघींनाही उतरावं लागलं. बाराचे झाले नऊ. त्या नऊ जणांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यानं खरोखरच समुद्र उकळला असता.

परतीच्या बसमध्ये नातीनं विचारलं, “यू वेअर स्केअर्ड, इज इट?”

“छे! प्रवाह—”

ती खिडकीकडे वळली. संध्याकाळी तिनं आपलं आपण ताट वाढून घेतलं आणि गोष्ट न मागता आमटीभात संपवला. शीतही ठेवलं नाही. मग आईला म्हणाली, मैत्रिणीचे काका आगीच्या बंबावर असतात, त्यांच्याबद्दल बोलेन. ते लख्ख ताट बघून माझ्या घशाखाली घास उतरेना.

त्या आठवड्यात मला एक गोष्ट आठवली. आठवली कसली, ती मला पाठच होती. तो कप्तान पहिल्या खेपेला गेलाच नव्हता! भूशिराच्या अलीकडूनच वळला आणि राजपुत्रापुढे वारा, प्रवाह, असं सगळं सांगत उभा राहिला. राजपुत्रानं डोकं उडवलं नाही. पुन्हा जा म्हणाला. चौतीस वर्षं मी हे अर्ध्या वाक्यात उरकलं, कारण परीक्षेला येत नसे. आता त्या माणसापुढे मी मनोमन वाकलो. भूशीर ओलांडलं ते मोठंच, पण त्याआधी तो त्याच बंदरावर, त्याच हसणाऱ्या लोकांच्या देखत दुसऱ्यांदा जहाजावर चढला. मला त्या नऊ सायकलवाल्यांपुढे पुन्हा जायच्या विचारानंच घाम फुटत होता. त्याच्या बंदरात तर सगळं गाव असणार!

शुक्रवारी मी नातीजवळ बसलो. “मी घाबरलो होतो.”

“हाऊ मच?”

“दात वाजत होते. आणि ऐक, त्या कप्तानाच्या जहाजावर मी नव्हतो.”

“आय नो लाह, आजोबा,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “ही इज लाइक सिक्स हंड्रेड इयर्स ओल्ड.”

शनिवारी धक्क्यावर तोच नावाडी. त्यानं मला ओळखलं. तोंडभर हसला आणि बोटीकडे हात करून म्हणाला, “अंकल, यू फर्स्ट!”

मी पहिला चढलो. उरलेले अकरा भरेपर्यंत फळी धरून बसलो. त्या फळीवर माझी नखं उमटली आहेत, जाऊन बघा. बोट सुटली. लाटा माडाएवढ्या होत्या. ही म्हणते वीतभर होत्या, पण हिनं शिकवलं गणित, तिला समुद्रातलं काय कळतं? नातीनं फोनवरचा नकाशा नाकासमोर धरला. निळ्या पाण्यात एक निळा ठिपका सरकत होता. “आजोबा, लुक! दॅट्स अस!” त्या कप्तानाला असा ठिपका कुणी दाखवला नव्हता. मी डोळे मिटले, मग एक उघडला. तेवढ्यात एक लाट कडेवरून आत आली आणि माझी पँट पोटरीपर्यंत भिजली.

पलीकडे काय होतं? शांत पाणी, सायकली आणि शहाळी. मी रस्त्याकडेच्या रानफुलाला हात घातला, तर नात किंचाळली, “कॅनॉट लाह! देअर इज फाइन!” म्हणजे फूल तोडलं तर दंड.

“मग पुरावा काय आणायचा?”

तिनं माझ्या पायांकडे बोट दाखवलं. उन्हात पँट वाळली होती आणि पोटरीवर मिठाची पांढरी रेघ उठली होती.

सोमवारी ती पँट पिशवीत घालून शाळेत गेली. वर्गाला तिनं सगळं सांगितलं: आजोबा घाबरले, खोटं बोलले, घरी आले, खरं बोलले आणि परत गेले. एका मुलानं म्हणे विचारलं, यात शूर काय? ती म्हणाली, “यू ट्राय गोइंग सेकंड टाइम.”

रात्री ताट घेऊन माझ्याजवळ बसली. “आजोबा, गोष्ट.”

ती पँट मी कुणाला धुऊ दिलेली नाही. परवा पाहुण्यांना दाखवत होतो.

“गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं!” मी म्हणालो.

“गेल्या महिन्यात पोटरीपर्यंत होतं,” ही आतून म्हणाली. “हा माणूस दिवाळीपर्यंत बुडणार.”