ज्ञानकोशातली माझी ओळ

फोन आला तेव्हा मी कारंजा लाडच्या एसटी स्टँडवर बसलो होतो आणि घरी जाऊन बायकोला काय थाप मारायची ते जुळवत होतो. थाप कशाची, ते पुढं सांगतो. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनी स्मरणिका होती. फोन घरून, आमच्याजवळ राहणाऱ्या सुनेचा. "मामाजी, आत्याबाई गेल्या," सुषमा एवढंच बोलली. सासूला ती आत्याबाई म्हणते. मी म्हणालो, "कुटं गेली? तिनंच तं मले इकडं पाठवलं." मग तिकडून रडणं ऐकू आलं तेव्हा समजलं... सकाळी डबा बांधून देणारी, "पान नंबर नीट लिहून आणा" म्हणत फाटकापर्यंत मागं येणारी बाई दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी तिथं नव्हतो. कशापायी नव्हतो, तर इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशातल्या एका ओळीला छापील पुरावा पाहिजे होता म्हणून. सहा आठवडे झाले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, पण माझा राग काही जात नाही.

तिचं नाव सुलोचना. किन्हीराजाहून आत आमचं गाव, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत ती मास्तरीण होती. गाव तिला बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायचो. मी चौथी पास. जन्मभर हातपंप दुरुस्त केले. रिटायर झाल्यावर पुण्याच्या पोरानं तिला लॅपटॉप आणून दिला, नातवंडांची तोंडं दिसावीत म्हणून. नातवंडं राहिली बाजूला, बाईला हा ज्ञानकोश सापडला. त्यात ज्याला वाटेल त्यानं लिहायचं, दुसऱ्यानं ते दुरुस्त करायचं, तिसऱ्यानं खोडायचं. पगार नाही, साहेब नाही, रजा नाही. मी विचारलं, "मंग हे चालते कसं?" ती म्हणाली, "भांडून." मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. प्रत्येक लेखाच्या मागं एक पान असतं, तिथं लोक वाद घालतात. आमच्या नदीचा उगम नेमका कोणत्या शिवारात, यावर बाईनं आख्खा उन्हाळा एका माणसाशी वाद घातला. त्याचं तिथलं नाव 'टेकडी'. खरं नाव कोणाला ठाऊक नाही.

"अवं, तो बाप्या हाय का बाई?" मी एकदा विचारलं.

"मले काय मालूम."

"रोज भांडतं त्याच्यासंग आन तुले मालूम नाई?"

"तुमच्यासंग भांडतो, मले तुमचं तरी काय मालूम झालं," ती म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली.

तालुक्यातल्या प्रत्येक गावावर एक लेख झाला पाहिजे, असं तिनं मनात घेतलं होतं. गावात पीक काय, शाळा किती वर्गांची, ओढा कुठून वाहतो. त्यासाठी मी तिला मोटारसायकलवर बसवून वाशीमला न्यायचो. ती वाचनालयात जाड जाड पुस्तकांतून उतरवून घ्यायची, मी बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचो. एका गावाच्या दोन ओळींसाठी आख्खा दिवस. मी चिडायचो. "त्या गावात माझा मावसभाऊ राह्यते, त्याले फोन लावून इचार ना," मी म्हणायचो. तर म्हणे, मावसभाऊ चालत नाही. छापलेलं पाहिजे, आणि तेही दुसऱ्यानं छापलेलं. माणूस जन्मभर ज्या विहिरीचं पाणी प्याला ती विहीर त्यानं सांगितलेली चालत नाही, आणि कधी इकडं न फिरकलेल्या कोणी पुस्तकात लिहिलं तर चालते. हा कुठला न्याय, मी अजूनही विचारतो.

नियमाला मात्र बाई पक्की. गावातल्या एका पुढाऱ्यानं आमच्या गावाच्या लेखात स्वतःचं नाव घातलं, पुढं 'विकासपुरुष' लिहिलं. बाईनं खोडलं. त्यानं परत घातलं, हिनं परत खोडलं. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तो घरी आला. तिचाच विद्यार्थी तो. दारातच म्हणाला, "बाई, माह्याशी काय दुश्मनी हाय तुमची?"

"दुश्मनी कायची? बस, चहा घे. कोण्या पेपरानं, पुस्तकानं तुले विकासपुरुष म्हटलं असन तर आणून दे, मी सोताच्या हातानं लिहितो."

"पेपरात जाहिरात दिली होती ना वाढदिवसाची."

"ते तू छापलेलं. तिसरीत बी तू सोताच सोताची वही तपासत होता."

चहा न पिता गेला तो. पुढं सहा महिने आम्हाला बघून मान फिरवायचा. मी बाईला म्हटलं, "एका शब्दापायी माणूस तोडला. लिहू द्यायचं होतं, कोणाच्या बापाचं काय जाते?" ती म्हणाली, "आज त्याचं राहू देलं तं उद्या कोणाचंच खोडता येत नाई."

आता माझ्या ओळीचं सांगतो. आमच्या गावाच्या लेखात एक वाक्य आहे, गावातला पहिला हातपंप दुष्काळाच्या साली बसला आणि तो अमुक फिटरनं बसवला. अमुकच्या जागी माझं नाव, आडनावासकट. हे बाईला मीच सांगितलं होतं, लग्न झालं त्या वर्षी. ती शिकलेली, मी चौथी पास, तिच्यासमोर ठेवायला माझ्याकडं काहीतरी पाहिजे होतं. पंपाचं पाणी ओंजळीनं पीत होती, तेव्हा बोलून गेलो. तिनं ते मनात ठेवलं आणि इतक्या वर्षांनी ज्ञानकोशात लिहिलं. कोणाचाही शब्द न चालवणाऱ्या बाईनं माझा शब्द चालवला, म्हणून मी गावभर सांगत फिरलो. पण त्या वाक्याच्या शेवटी बारीक अक्षरात कंसात एक शेरा चिकटला होता, 'संदर्भ हवा'. म्हणजे वाचणाऱ्यानं समजायचं की या गोष्टीचा भरवसा नाही. मला वाटलं हे काम त्या टेकडीचं. त्याचं नाव निघालं की मी त्याला शिव्या घालायचो. बाई ऐकून घ्यायची. कधी म्हणायची, "संदर्भ भेटला का जाईन तो शेरा."

ती जायच्या आठ-दहा दिवस आधी तिला कुठून कळलं, की पाणीपुरवठ्याच्या जुन्या लोकांनी एक स्मरणिका छापली होती आणि तिची प्रत कारंज्याला एका ओव्हरसियरच्या घरी आहे. ओव्हरसियर वारले. त्यांच्या लेकीनं माळ्यावरून ट्रंक काढून पुस्तक हातात दिलं, वर जेवूनच जा म्हणाली. मी जेवलो नाही. स्टँडवर येऊन पान उघडलं. आमच्या गावाचं नाव होतं, दुष्काळाचं साल होतं, आणि पंप बसवणाऱ्याचं नावही होतं... नामदेव फिटर. खरंच आहे. पंप नामदेव फिटरनंच बसवला. मी त्याच्या हाताखाली पाइप वाहणारा पोरगा होतो. नामदेव केव्हाच वारला, इकडं त्याचं कोणी नाही, मला वाटलं कोण विचारणार आहे. बाईला सांगणार होतो की पुस्तक भेटलंच नाही. तेवढ्यात फोन वाजला. ती गेली याचं दुःख पहिलं आलं, आणि मागोमाग आलं की आता सांगावं लागणार नाही. हेही लिहितो, कारण लपवून फायदा नाही.

महिना गेल्यावर सुषमानं लॅपटॉप उघडला. तिथं लिहिणाऱ्या प्रत्येकाचं निरोपाचं एक पान असतं, टेकडीनं बाईच्या पानावर लिहून ठेवलं होतं, 'बरेच दिवस दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना?' सुषमानं ती गेल्याचं लिहिलं. त्यावर त्यानं चांगले चार शब्द लिहिले, बाईनं किती गावं लिहिली ते लिहिलं. माझं डोकं भडकलं. मी सुषमाला म्हणालो, "लिही त्याले, तुह्या त्या शेऱ्यापायी माही बायको गेली तवा मी घरी नव्हतो." ती लिहीना. मीच बसलो, एक एक अक्षर शोधून लिहिलं. अर्ध्या तासानं उत्तर आलं, 'काका, तो शेरा मी लावलेला नाही. लेखाचा इतिहास पाहा.'

त्या ज्ञानकोशात काही पुसलं जात नाही. कोणी, किती वाजता, काय बदललं, सगळं मागं राहतं. सुषमानं इतिहास उघडला आणि मनातल्या मनात वाचला. मी म्हणालो, "वाच ना मोठ्यानं." तिनं वाचलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी बाईनं माझं नाव घातलं. अकरा वाजून चोवीस मिनिटांनी शेरा लावला. तोही बाईनंच.

म्हणजे चार मिनिटं माझ्यावर भरवसा ठेवला. विकासपुरुषाला लावला तोच नियम मलाही लावला, आणि मी टेकडीला शिव्या देत होतो तेव्हा समोर बसून ऐकत राहिली. तिला संशय होता का, की नुसता नियम पाळला, आता कोणाला विचारू? नियमच पाळायचा होता तर लिहायचंच कशाला होतं? आणि माझं नाव ठेवायचंच होतं तर मला कारंज्याला कशाला पाठवलं? ज्या पुराव्यानं नाव जाणार तोच पुरावा आणायला मलाच... एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. आता तर ती समोरही नाही.

मी सुषमाला म्हणालो, "माहं नाव काढ, नामदेवचं टाक, आन पान नंबर दे." तर टेकडीनं तिथंही आडकाठी घातली. गेलेल्या माणसाच्या खात्यातून लिहिता येत नाही, म्हणे, स्वतःचं खातं उघडा. मी दोन दिवस तणतणलो. मग उघडलं. ओळ बदलली, स्मरणिकेचं पान खाली दिलं, शेरा गेला.

बदल जतन करायच्या आधी तिथं एक रिकामी चौकट येते, बदल का केला ते लिहायला. सुषमा सांगते, बहुतेक लोक ती तशीच सोडतात, आत्याबाईंनी कधी सोडली नाही. स्वल्पविराम काढला तरी कारण लिहायच्या. "काय लिहू मामाजी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सरक, मी लिहितो." लय वेळ लागला. लिहिलं, 'माहिती चूक होती. मीच दिली होती.' बटण मीच दाबलं, आणि कोणी खोडते का म्हणून दिवे लागेपर्यंत तिच्या खुर्चीत बसून राहिलो.