तिसरा पास

मैदानावरच्या सगळ्याच मुली तिला मावशी म्हणत, पण खरी भाची त्यांत एकच. बहीण गेली तेव्हा ती पोर चार वर्षांची होती, आता सतरा पुरी व्हायला दोन महिने उरले होते. मावशीचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. कुणी त्यावर हळहळायला लागलं, की ती विचारी, "मला अकरा मुली आहेत, तुम्हाला किती?"

दिवसभर ती शर्टांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. कॉलरवालीनं पुढे सरकवायचं, बाहीवालीनं जोडायचं, काजवालीनं काजं करायची. मधली एखादी जरी माल मांडीवर घेऊन बसली, तरी अख्खी रांग तिच्या नावानं बोटं मोडायची. फुटबॉलची विद्या मावशीनं तिथूनच उचलली म्हणा ना. संध्याकाळी कारखाना सुटला, की उरल्यासुरल्या कापडाच्या लाल-निळ्या बंड्या पिशवीत कोंबून ती मैदान गाठी. पूर्ण मैदान तिनं कधी वापरलंच नाही. पावलं मोजून छोटा चौकोन आखायचा, दोन्ही टोकांना दोन-दोन विटा मांडून गोल करायचा, गोलकीपर ठेवायचा नाही आणि चारास चार खेळवायच्या. "जागा कमी असली की मान वर राहते," ती म्हणे. "मोठ्या मैदानात काय, गाढवसुद्धा पळतं."

नियम एकच, आणि तो काळ्या दगडावरची रेघ. आपसांत तीन पास झाल्याशिवाय गोल धरायचा नाही. चेंडू दिला की पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही, मोकळ्या जागेत पळायचं आणि परत मागायचा. दोन पासांवर कुणी गोल मारलाच, तर मावशी शिट्टी फुंकून चेंडू समोरच्यांना देऊन टाकी. सगळ्यात जास्त बोलणी भाचीला बसत, कारण एक तर तिचा पाय सगळ्यांत तयार होता, आणि दुसरं म्हणजे मावशी घरच्यांना झुकतं माप देते असं कुणी म्हणायला नको होतं. नऊ वर्षं हे असंच चाललं.

आणि मग निरोप आला. खेळाडूंच्या वसतिगृहात एक जागा रिकामी होती, एकच. राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे, आणि रोज दोन वेळा सराव. निवड करणारे साहेब मावशीच्याच मैदानावर मुली बघायला येणार होते. वयाची अट सतराच्या आत, म्हणजे भाचीला पुढचं वर्ष नव्हतंच.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काजवाली म्हणाली, "उद्याच्या दिवस तरी पोरीला मोकळं सोड. तीन नाही नि बीन नाही. गोल दिसला की मार म्हणावं."

"आयत्या वेळी शिकवण बदलली की पोरी गोंधळतात," मावशी म्हणाली.

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नऊ वर्षांत खेळातल्या एकाही जाणत्या माणसानं रेषेवर उभं राहून तिचं काम पाहिलं नव्हतं. उद्या कुणीतरी पाहणार होतं, आणि ते तीन पास त्याला दिसावेत असं तिला फार वाटत होतं.

रात्री अंथरूण घालताना भाचीनं विचारलं, "उद्या कशी खेळू गं?"

"रोजच्यासारखी."

साहेब वेळेवर आले, आपल्या चार मुली आणि पाइपांचे दोन छोटे गोल घेऊन. पंधरा मिनिटांचा खेळ. मावशीकडून भाची, टिचकी आणि आणखी दोघी उतरल्या. टिचकी म्हणजे भाचीच्या खांद्याएवढी, पण विंचवासारखी चपळ. खेळ सुरू असताना मावशी शिट्टी दातांत धरून बसे, म्हणजे ओरडायचा मोह होत नाही. आज शिट्टीवर दात उमटायची वेळ आली होती.

वसतिगृहाच्या मुली अंगानं दांडग्या. पहिला गोल त्यांनीच केला. मग चेंडू मावशीच्या मुलींच्या पायांत फिरायला लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि चौथ्या पासावर बरोबरी झाली. साहेबांची मान हलली. ती मावशीनं पाहिली, आणि तिला भरून आलं.

शेवटचं मिनिट. समोरच्यांचा पास चुकला आणि चेंडू भाचीच्या पायात आला. तिनं टिचकीला दिला, पळाली, टिचकीनं परत दिला. पुढे गोल सताड मोकळा, जेमतेम पाच पावलांवर. मध्ये चिटपाखरू नाही. एक, दोन, मावशीनं मनात मोजलं. आणि तिच्या लक्षात आलं, की भाचीही मोजते आहे.

'मार' हा शब्द जिभेवर आला आणि शिट्टीला अडला. भाची वळली. डावीकडून येणाऱ्या टिचकीला तिनं अलगद चेंडू दिला आणि टिचकीनं तो गोलात ढकलला. मुलींनी एकच गिल्ला केला. मावशीला टाळीसुद्धा वाजवता आली नाही.

साहेब वही मिटत जवळ आले. "बाई, खेळ सुरेख बसवलाय तुम्ही." नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य. "छोटीला घेतो मी. उंच मुलगी चांगली आहे, पण ऐन वेळी कचरते. समोर गोल होता हो तिच्या."

"कचरत नाही ती! नियम आहे माझा, तीन पासांचा. चूक माझी आहे, साहेब. दोन मिनिटं परत खेळवून बघा."

"मला जे दिसलं ते मी लिहिलं," ते मऊपणानं म्हणाले. "जागा एकच आहे."

परतताना भाचीच्या खांद्यावर चेंडूंची जाळी होती. टिचकीला तिनंच पहिली मिठी मारली होती, तोंडभर हसून. कोपऱ्यावर मावशीला राहवलं नाही. "मारायचास गं."

"दोनच झाले होते." चार पावलं गेल्यावर भाची म्हणाली, "काल विचारलं होतं ना मी तुला. सांगितलं असतंस तर मारला असता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मावशीला सोपं गेलं असतं.

"मला माझं शिकवणं दाखवायचं होतं," मावशी म्हणाली. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. "तू काय आहेस ते दाखवायचं राहून गेलं."

भाचीनं जाळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि ती पुढे चालू लागली.