चालू लिफ्ट, कोरा रिपोर्ट

"तुम्ही मराठी ना? मग खरं सांगा, आमच्या लिफ्टमध्ये बिघाड काय आहे?"

ऑफिसात माझ्या टेबलासमोर शेखसाहेब उभे होते. मूळचे सोलापूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीच्या द्वारका भागातल्या नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मग बंद का?"

याचं उत्तर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मी लिफ्ट कंपनीत कमिशनिंग इंजिनिअर होतो. म्हणजे बसवलेली लिफ्ट तपासून चालू करून देणारा. तेव्हा द्वारकेत इमारती भराभर उभ्या राहत होत्या. ही लिफ्ट मी दोन दिवसांत तपासली होती. ती प्रत्येक मजल्याशी बरोबर जुळते का, ब्रेक कुठे लागतो, हे बघताना मला जेवणाचंही भान नव्हतं. पण नंतर बारा पानांचा टेस्ट रिपोर्ट भरायचा असतो. त्याशिवाय लिफ्ट सोसायटीच्या ताब्यात जात नाही. तो नऊ दिवस कोरा पडून होता. रोज सकाळी ठरवायचो, आज नक्की. मग एखाद्या साइटवरून फोन यायचा आणि मी खुशीत बॅग उचलायचो.

"आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," शेखसाहेब म्हणाले. "चौघांनी खुर्चीत बसवून वर नेली. उद्या टाके काढायला खाली आणायचंय. जिन्यात ती फार घाबरते हो."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मी ड्रॉवर उघडला.

रिपोर्ट पंचावन्न मिनिटांत झाला. नऊ दिवस टाळलेलं काम तासाभराचंही नव्हतं, याचीच जास्त लाज वाटली. सहीसाठी आमचे बॉस चोप्रा साहेब यांच्याकडे गेलो. त्यांनी तारखा बघितल्या.

"मशीन से प्यार, कागज़ से दुश्मनी. है ना?"

मी सहीसाठी पेन पुढे केलं.

"आगे से फॉर्म वहीं भरना, मशीन रूम में. भरे बिना नीचे मत उतरना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन लिफ्ट चालू करून दिली. शेखसाहेबांच्या आई वॉकर टेकत आत आल्या. खाली पोहोचल्यावर म्हणाल्या, "धक्कासुद्धा बसला नाही. चांगली आहे की! मग एवढे दिवस कशाला लावले?"

शेखसाहेब दुसरीकडे बघू लागले. मी "सॉरी" म्हणालो.

पुढे कितीतरी वर्षं मी लिफ्ट तपासल्या. फॉर्म भरण्यात मजा अशी कधीच आली नाही. पण नावडत्या कामाला वेगळा दिवस ठेवला की तो दिवस उजाडत नाही, एवढं कळलं. म्हणून एक टेस्ट झाली की आधी तिचं पान भरायचो, मगच पुढच्या टेस्टला हात लावायचो.