न्यूट्रलमधले अठरा अँपिअर

परळला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मुलांची अभ्यासिका आहे. तिथले जुने पंखे-दिवे काढून संगणक आणि एलईडी बसवायचे ठरले, तेव्हा वायरिंगचा आराखडा मी केला. तांत्रिक शाळेत मी आयुष्यभर वीजशास्त्र शिकवले. तीन फेजवर भार समान वाटला की परतीच्या तारेत, म्हणजे न्यूट्रलमध्ये, तिन्ही प्रवाह एकमेकांना रद्द करतात, बेरीज शून्य. म्हणून न्यूट्रलची तार निम्म्या जाडीची पुरे, असे मी वायरमनला सांगितले. तो माझाच विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला.

दुसऱ्याच आठवड्यात जळका वास आला. न्यूट्रलचे आवरण मऊ पडले होते. परीक्षा तोंडावर असताना अभ्यासिकेला कुलूप लागले आणि इमारतीच्या कमिटीसमोर मी त्याला म्हणालो, "स्क्रू ढिले ठेवलेस तू."

रविवारी सकाळी त्याने एकूणएक स्क्रू माझ्यादेखत आवळला, सगळे संगणक लावले आणि एकेका तारेभोवती प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर धरला. प्रत्येक फेजमध्ये बारा अँपिअर. न्यूट्रलमध्ये अठरा.

"मीटर बिघडलाय."

"दुसरा आणलाय सर. वाटलंच मला."

त्यातही अठरा. मी कागदावर तीन प्रवाहांचे तीन बाण काढून जोडले. त्रिकोण बंद झाला, शून्य. पुन्हा काढले. शून्यच.

"पंखे होते तेव्हा तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. "हे कॉम्प्युटर सलग पीत नाहीत. लाटेच्या टोकाला घोट घेतात."

मी घोट काढून पाहिले. एक फेज घोट घेते तेव्हा उरलेल्या दोन रिकाम्या; रद्द करायला समोर कोणी नाही. तिन्हींचे घोट एकाच तारेतून परततात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दीडपट प्रवाह, सव्वादोनपट उष्णता. तार निम्मी, म्हणून साडेचारपट. गणित सुटले, पण माझे बाण कुठे चुकले ते कळेना. पुस्तकात हार्मोनिक प्रवाहांचे, म्हणजे अशाच तुटक लाटांचे, एक प्रकरण होते. वेळेअभावी ते मी दरवर्षी स्वाध्यायाला सोडत असे.

"स्क्रूचा दोष नव्हता," मी म्हणालो. "कमिटीला मी सांगतो. न्यूट्रल फेजच्या दुप्पट जाडीची टाक."

"टाकतो. पण 'शून्य' लिहिलं म्हणून मला पैकीच्या पैकी दिले होतेत, ते परत मागू नका हां!"

कागद घेऊन मी कमिटीला सांगायला जिना चढू लागलो. आधी घोट समजावावेत की आधी चूक माझी म्हणावे, हे दुसऱ्या मजल्यापर्यंत ठरत नव्हते.