बाउर, वाउर, बाउरा : कॅट्सकिलच्या डोंगरात ऐकलेला एक शब्द

आयरिश शिकायला जायची कल्पना माझ्या मुलीची, ईराची. तिच्या नवऱ्याची आजी आयरिश बोलते, म्हणून ती वर्षभर क्लास करतेय. "आई, कॅट्सकिलमध्ये वीकेंड कॅम्प आहे, चल ना." मी हो म्हटलं. डाव्या कानाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र तिच्यापासून लपवलं होतं.

शुक्रवारी वेस्ट विंडसरच्या आमच्या घरून निघालो. साडेतीन तास ड्राइव्ह. शेवटी रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. राहणं, जेवण, शिकवणी धरून माणशी तीनशे डॉलर. जेवणात बटाटा आणि पुन्हा बटाटा. लोणचं न्या!

शनिवारी सकाळी नोरा नावाच्या सत्तरीच्या बाईंनी फळ्यावर एक विशेषण लिहिलं. उच्चार 'बाउर'. पुरुष असेल तर बाउर, बाई असेल तर वाउर, अनेक माणसं असतील तर बाउरा.

"अर्थ?" कुणीतरी विचारलं.

नोरानं स्वतःच्या कानातलं मशीन दाखवलं. "ऐकू न येणारा. आणि पाय बधिर झाला, तरी हाच शब्द."

मी खुर्चीतून उठलेच. "बहिरा, बहिरी, बहिरे! आणि आमच्याकडे दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करतो!"

"सख्खी भावंडं आहेत ही," नोरा म्हणाली. "हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेतली. आता स्वतःबद्दल एक वाक्य कर."

"इस बॅन वाउर मे." मी बहिरी बाई आहे.

ईरा हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. तिनं मला बाहेर ओसरीवर नेलं.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. डावा कान जवळजवळ गेलाय."

"फोन तू त्याच कानाला लावतेस." ती म्हणाली. "आई, मार्चमध्ये मी तुला फोनवर सांगितलं, आय वॉज प्रेग्नंट, आणि बाळ राहिलं नाही. तू म्हणालीस, छान छान, जेवलीस का?"

सहा महिने ही पोर समजत होती की आईला काहीच वाटलं नाही. मी तिला नुसतं घट्ट धरलं. आतून पुढचा धडा ऐकू येत होता. आम्ही दोघी परत गेलोच नाही.

घरी आल्यावर सोमवारीच मशीनसाठी अपॉइंटमेंट घेतली. आयरिश फारसं आलं नाही, डोंगरही धड पाहिले नाहीत. पण कुणी विचारलं तर जा म्हणेन.

मशीन बसवल्यावर ईरा आली. स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. कितवा आठवडा होता, तेसुद्धा. या वेळी मला एकेक शब्द ऐकू आला.