एकाच निर्गुडीची दोन मुळं

नजर, बाधा, करणी... यातलं मी काहीही मानत नाही. खालचं वाचून कोणी मला ‘आता तरी पटलं ना?’ असं विचारू नये. नाही पटलेलं!

अंधेरीला मरोळच्या एका लॅबमध्ये मी काम करते. औषधी वनस्पतींचे अर्क माणसाच्या पेशींवर टाकायचे आणि पेशी जगतात की मरतात ते बघायचं. वरून रंग टाकला की मेलेली पेशी निळी दिसते. सरळ काम आहे.

माझी आई गुडघ्यांसाठी रोज निर्गुडीच्या मुळाचा काढा घेते. मूळ मनोरीची मावशी पाठवते. लिव्हरला काही झालं तर? या धास्तीने मी सरांच्या परवानगीने ते मूळ तपासलं. पेशी ठणठणीत. तरी खात्री हवी म्हणून रविवारी मार्वेहून बोटीने मनोरीला गेले आणि मावशीच्या परसातल्या त्याच झाडाचं मूळ स्वतः खणून आणलं. वजन तेवढंच, पाणी तेवढंच.

पेशी जवळजवळ सगळ्या निळ्या!

“वाट लागली! कन्टॅमिनेशन असेल गं,” शेजारच्या टेबलावरची स्नेहल म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मावशीला फोन लावला, तर ती हसायलाच लागली. “झाडाला विचारलंस? आदल्या दिवशी अक्षता टाकून सांगायचं असतं, उद्या तुला न्यायला येते म्हणून. तू चोरासारखं खणलंस.”

“मावशी, झाडाला कान असतात?”

“नसतात ना? मग चिडतेस कशाला?”

चिडलेच होते. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी एकाच झाडाची मुळं शेजारी शेजारी खणली. तिने आदल्या दिवशी अक्षता टाकल्या होत्या, मी नाही. बाटल्यांवर स्नेहलने नुसते आकडे घातले. कुठली कोणाची ते मला माहीत नव्हतं. शेवटी तिने यादी उघडली... निळ्या पेशी माझ्याच बाटलीच्या, मावशीच्या ठणठणीत.

माती, ऋतू, बुरशी — सगळं तपासून झालं. उत्तर नाही. मावशी म्हणते, एकदा विचारून तर बघ. नाही विचारणार! खरं सांगू? विचारलं आणि पेशी जगल्या, तर काय करायचं याची मला भीती वाटते.

गेल्या महिन्यात मावशी आजारी पडली आणि आईचं मूळ संपलं. गुडघे इतके सुजले की तिला जिना उतरवेना. मी मनोरीला जाऊन मूळ खणून आणलं, न विचारता. आईने काढा उकळला, गाळला, कप तोंडाजवळ नेला... आणि मी तो हिसकावून सिंकमध्ये ओतला.

“तू तर मानत नाहीस ना?” आई म्हणाली.

“नाहीच मानत,” मी म्हटलं आणि कप घासायला घेतला.